चाळीसचे निम्मे किती? प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांचा एक प्रकरण अभ्यास

आफ्रिकेतल्या शाळांच्या पटांगणात खुणा केलेली एक काठी उभी असते. मुलं रांगेनं येतात, काठीला पाठ लावून उभी राहतात आणि उंची ज्या पट्ट्यात बसेल तेवढ्या प्राझिक्वांटेल या कृमीनाशक औषधाच्या गोळ्या त्यांच्या हातावर पडतात. गावोगावी वजनकाटा वाहून न्यावा लागू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ही सोय स्वीकारली. पहिली खूण ९४ सेंटिमीटरवर आहे, तिथे एक गोळी. ११० च्या पुढे दीड, १२५ च्या पुढे दोन. ९४ च्या खाली काहीच नाही. आईच्या कडेवर बसून आलेलं दोन-तीन वर्षांचं पोर, त्याच्या लघवीत मोठ्या भावासारखंच रक्त जात असलं तरी, रिकाम्या हातानं परत जात आलं आहे.

आजार आहे शिस्टोसोमियासिस, जुन्या नावानं बिलहार्झिया. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात आणि वाढून रक्तवाहिन्यांत नर-मादी जोडीनं वर्षानुवर्षं राहतात. शिस्टोसोमा मॅन्सोनी ही जात आतड्याभोवतीच्या शिरांत, तर शिस्टोसोमा हिमॅटोबियम मूत्राशयाभोवतीच्या शिरांत. त्यांची अंडी ऊतींत अडकतात आणि सूज, रक्तस्राव, पुढे यकृताचे आणि मूत्राशयाचे गंभीर विकार सुरू होतात. सरोवराच्या काठी आई कपडे धुते, तिथेच बाळाला आंघोळ घालते. त्यामुळे शाळेत जायच्या कितीतरी आधी लागण झालेली असते. उपचाराची गरज असलेली शाळापूर्व वयाची मुलं सुमारे ५ कोटी असावीत असा अंदाज आहे.

मराठी वाचकाला हा आजार परका वाटेल, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचं नाव परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत याच आजारामुळे आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातलं हे केंद्र जगापुढे आणलं. फेरिसिया टेन्युइस नावाची इवलीशी गोगलगाय तिथली वाहक मानली गेली. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. वर्गात प्राझिक्वांटेल आलं की आधी गिमवीचं नाव घेतो. मुलं सरसावून बसतात, कारण कोकणातली दोन-चार तरी त्यांत असतातच.

गोळीत काय होतं

प्राझिक्वांटेल १९७० च्या दशकात जर्मनीत, मर्क आणि बायर या कंपन्यांच्या कामातून जन्माला आलं. आधी जनावरांसाठी, मग माणसांसाठी. त्याआधी या आजारावर अँटिमनीची विषारी इंजेक्शनं द्यावी लागत. तोंडानं घेता येणारं, एका मात्रेत काम करणारं औषध हाती आलं, त्याचं मोल फार मोठं आहे. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम.

पण गोळी ६०० मिलिग्रॅमची, लांबट, मोठी आणि जहाल कडू. तीन वर्षांच्या मुलाला ती गिळता येत नाही. चुरडून पाण्यात किंवा रसात कालवली तर कडूपणा आणखी पसरतो आणि मूल थुंकतं, ओकतं. ओकलेल्या मुलाच्या पोटात नक्की किती औषध राहिलं हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे मुलांना गोळी मधात कालवून देणाऱ्या आयांना हा अनुभव वेगळा सांगायला नको.

प्राझिक्वांटेलच्या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या आणि उजव्या पंजासारखी. अणू तेच, रचना आरशातली. नेहमीच्या गोळीत दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. कृमी मारण्याचं काम जवळजवळ सगळं ‘आर’ रूप करतं. ‘एस’ रूप त्या बाबतीत निरुपयोगी, आणि कडूपणाचा मोठा वाटा मात्र त्याचाच, हे २००९ मध्ये छापून आलं. सिडनी विद्यापीठातल्या मॅथ्यू टॉड यांनी दोन रूपं स्वस्तात वेगळी करण्याचा प्रश्न इंटरनेटवर सर्वांसमोर मांडला आणि जगभरच्या रसायनतज्ज्ञांच्या मदतीनं तो सोडवत नेला. विज्ञान असं उघड्यावर, एकमेकांना हात देत चालताना पाहून मला आजही भरून येतं.

२०१२ मध्ये लहान मुलांच्या प्राझिक्वांटेलसाठी एक संयुक्त गट उभा राहिला. त्यात जर्मनीची मर्क, जपानची अ‍ॅस्टेलास, स्विस ट्रॉपिकल अँड पब्लिक हेल्थ इन्स्टिट्यूट, ब्राझीलची फार्मांगिन्योस अशा संस्था होत्या. त्यांनी १५० मिलिग्रॅमच्या, पाण्यात चटकन विरघळून पसरणाऱ्या दोन गोळ्या तयार केल्या. एकीत जुनंच मिश्रण. दुसरीत फक्त आर रूप, ज्याला पुढे आर्प्राझिक्वांटेल हे नाव मिळालं.

इथे मी वर्गात थांबतो आणि विचारतो: मिश्रणाची मात्रा किलोमागे ४०. त्यातलं निम्मं बिनकामाचं. मग शुद्ध आर रूपाची मात्रा किती? सगळा वर्ग एका सुरात ‘वीस’ म्हणतो. चुकीचं असलं तरी ते उत्तर समंजस आहे. औषध घडवणाऱ्यांच्या आशेमागेही हेच गणित होतं. १२ किलोच्या मुलाला वीसच्या हिशेबानं २४० मिलिग्रॅम पुरलं असतं, म्हणजे फार तर दोन छोट्या गोळ्या.

रक्तात काय पोहोचलं

खात्री करण्यासाठी निरोगी प्रौढ पुरुष स्वयंसेवकांवर पहिल्या टप्प्याचे दोन अभ्यास झाले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रचना अशा कामाला साजेशी होती. एकाच माणसानं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी गोळी घ्यायची, मधे औषध अंगातून पूर्ण निघून जाईल एवढा अवधी ठेवायचा आणि कोणती गोळी आधी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. असं केलं की माणसामाणसांतला फरक बाजूला पडतो आणि गोळीगोळीतला फरक उरतो. प्राझिक्वांटेलच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, कारण तीच गोळी, तीच मात्रा घेऊनही दोघांच्या रक्तातली पातळी कित्येक पटींनी वेगळी असू शकते.

गोळी घेतल्यावर ठरावीक वेळांनी हाताच्या शिरेतून रक्त घेतात, त्यातलं औषध मोजतात आणि वेळेविरुद्ध आलेख काढतात. आलेखाचं शिखर म्हणजे सर्वाधिक पातळी आणि रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे रक्ताला एकूण किती औषध लाभलं त्याचं माप. दोन गोळ्यांच्या या क्षेत्रफळांचं गुणोत्तर म्हणजे सापेक्ष जैवउपलब्धता. दोन गोळ्या समतुल्य मानायच्या तर त्या गुणोत्तराचा नव्वद टक्के विश्वासाचा पट्टा (खरा आकडा ज्या हद्दीत असण्याचा संभव आहे ती हद्द) ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा, असा औषध नियामकांचा रूढ दंडक आहे. या प्रकरणात मोजायचं होतं ते फक्त आर रूप, कारण कृमीला तेच मारतं.

जुनंच मिश्रण असलेली विरघळणारी गोळी जुन्या मोठ्या गोळीच्या जवळपास बरोबरीनं शोषली गेली. शुद्ध आर रूपाच्या गोळीतून मात्र रक्तात पोहोचलेलं आर रूप अपेक्षेपेक्षा ठळकपणे कमी भरलं. मात्रा वाढवली की रक्तातलं प्रमाण तेवढ्याच पटीत न वाढता त्याहून जास्त वाढत होतं. जेवणानंही फरक पडत होता.

इथे दोष गोळीच्या घडणीचा, असं म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण दोन्ही नव्या गोळ्या एकाच धर्तीच्या होत्या, आणि मिश्रणाची गोळी त्याच धर्तीत व्यवस्थित शोषली गेली होती. म्हणजे विरघळणाऱ्या घडणीवर ठपका ठेवता येत नाही. फरक उरतो तो एकच. एका गोळीत एस रूप आहे, दुसरीत नाही. दोन गोळ्या शेजारी-शेजारी तपासण्याचा निर्णय मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो. एकटी शुद्ध गोळी तपासली असती तर संशोधक घडणीतच दोष शोधत बसले असते.

जकात नाका

प्राझिक्वांटेल आतड्यातून आत जायला अडखळत नाही. तोंडावाटे घेतलेल्या मात्रेतलं सुमारे ८० टक्के झपाट्यानं शोषलं जातं आणि एक ते तीन तासांत पातळी शिखर गाठते. अडचण पुढे आहे. आतड्यातून निघालेलं सगळं रक्त यकृताच्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात जातं आणि यकृतातली विकरं (एन्झाइम्स) पहिल्याच फेरीत औषधाचा मोठा भाग बदलून टाकतात. हाताच्या शिरेतल्या रक्तापर्यंत येतं ते या फेरीतून सुटलेलं. उरलेलंही लवकर ओसरतं. रक्तातली पातळी निम्मी व्हायला तास-दीड तास पुरतो.

मुलांना मी गावाबाहेरच्या जुन्या जकात नाक्याचं उदाहरण देतो. नाक्यावर चार कारकून आहेत. एकदम ऐंशी ट्रक आले तर ते दमतात आणि त्या गर्दीत कित्येक ट्रक न थांबता निघून जातात. चाळीसच आले तर जवळजवळ प्रत्येकाची झडती होते. एस रूपाचे ट्रक आपल्या कामाचे नव्हते, पण त्यांनी कारकुनांना गुंतवून ठेवलं होतं आणि त्यांच्या आडोशानं आर रूपाचे ट्रक पुढे सटकत होते. एस काढून टाकलं तेव्हा तो आडोसाही गेला.

हाती असलेल्या खुणांत मला हेच स्पष्टीकरण सर्वांत पटतं. मात्रा वाढवली की पातळी प्रमाणाबाहेर वाढते, ही नाका तुंबल्याचीच खूण. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णांत प्राझिक्वांटेलची पातळी बरीच चढते, कारण कारकूनच कमी झालेले असतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ही विकरं वाढवतं आणि ते घेणाऱ्यांच्या रक्तात प्राझिक्वांटेल जवळजवळ सापडेनासं होतं. म्हणून ती दोन औषधं एकत्र द्यायची नाहीत, असं औषधाच्या माहितीपत्रकातच बजावलेलं आहे.

जेवणाचा परिणामही लक्षात ठेवण्याजोगा आहे. बरीच औषधं तेला-तुपाच्या जेवणासोबत जास्त शोषली जातात, पण प्राझिक्वांटेलवर मेक्सिकोत झालेल्या अभ्यासात चरबीच्या जेवणापेक्षा पिठूळ-गोड जेवणानं पातळी अधिक वाढली. शाळेत गोळी देण्याआधी मुलांना लापशी, पाव असं काही खायला घालतात ते मळमळ कमी व्हावी म्हणून. त्याचा रक्तातल्या पातळीलाही हातभार लागतो.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण मोजतो हाताच्या शिरेतलं रक्त. शिस्टोसोमा मॅन्सोनी राहतो आतड्याभोवतीच्या शिरांत, म्हणजे नाक्याच्या अलीकडे. त्याला औषध यकृतात जाण्यापूर्वीच, दाट स्वरूपात भेटतं. मॅन्सोनीची लागण केलेल्या उंदरांवरच्या कामातही यकृताकडे जाणाऱ्या शिरेतली पातळी बाकीच्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त आढळली आणि परिणाम समजून घ्यायला तीच अधिक उपयोगी ठरली. हिमॅटोबियम मात्र मूत्राशयाभोवती, नाक्याच्या पलीकडे राहतो. त्याला मिळतं ते सुटून आलेलंच. म्हणजे हाताच्या रक्तावरून काढलेलं क्षेत्रफळ दोन जातींच्या बाबतीत सारख्या वजनाचा पुरावा ठरत नाही.

शोषणाचा आकडा वाचताना कृमी राहतो कुठे हे आधी विचारायला हवं. आपल्या जंतनाशक दिनी मुलांना चघळायला देतात ते अल्बेंडाझोल घ्या. ते अगदी कमी शोषलं जातं, पण आतड्यातल्या जंतांसाठी त्याचं आतड्यातच रेंगाळणं सोयीचं. तीच गोळी मेंदूतल्या किंवा यकृतातल्या पुटींसाठी दिली की कमी शोषण हीच अडचण होते आणि रुग्णाला ती स्निग्ध जेवणासोबत घ्यायला सांगावं लागतं.

मग कोणती गोळी निवडायची

समोर दोन गोळ्या होत्या. मिश्रणाची गोळी चांगली शोषली जाणारी, पण निम्मी बिनकामाची आणि कडू रूप बाळगणारी. शुद्ध गोळीला शोषणात मार बसलेला, पण पोटात जातं ते सगळं कामाचं. टांझानियात ६ ते ११ वर्षांच्या मुलांना नुसती चव घेऊन चूळ थुंकायला सांगणारा अभ्यास झाला, त्यात दोन्ही नव्या गोळ्या चुरडलेल्या जुन्या गोळीपेक्षा मुलांना बऱ्या वाटल्या.

निव्वळ शोषणाच्या आकड्यावर निर्णय घेतला असता तर शुद्ध गोळी तिथेच बाद झाली असती. तसं केलं नाही. आयव्हरी कोस्टमध्ये मॅन्सोनीची लागण झालेल्या ३ महिने ते ६ वर्षांच्या मुलांत दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास झाला. दोन्ही गोळ्या निरनिराळ्या मात्रांत ताडून पाहिल्या, आणि परिणाम व सहनशीलता यांचा मेळ बघून शुद्ध गोळी किलोमागे ५० मिलिग्रॅम या मात्रेवर पुढे नेली. वर्गात आलेल्या विसाचे पन्नास झाले.

याचा अर्थ आपल्या १२ किलोच्या मुलासाठी काढून बघा: ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चार छोट्या गोळ्या. जुन्या एका मोठ्या गोळीतही ६०० मिलिग्रॅमच होते. औषधाचा ऐवज घटवण्याची आशा इथे संपली, हे स्पष्ट म्हणायला हवं. जे मिळालं ते दुसरंच आहे. पाण्यात विरघळवून चमच्यानं पाजता येणारं आणि मूल तोंडातून बाहेर टाकणार नाही असं औषध. माझ्या मते तेच मोलाचं आहे, कारण ओकलेल्या गोळीची जैवउपलब्धता शून्य असते.

मात्रा वाढण्यामागे मुलांच्या शरीराचाही वाटा असावा असं मला वाटतं. प्रौढ स्वयंसेवकांचे आकडे मुलांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. युगांडात ३ ते ८ वर्षांच्या ६० मुलांवर जुन्याच औषधाचा अभ्यास झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात लहान मुलांच्या रक्तात प्रौढांपेक्षा कमी औषध सापडलं आणि किलोमागे ४० ही मात्रा त्यांना अपुरी पडत असल्याचा निष्कर्ष निघाला. लहान मुलाचं यकृत शरीराच्या मानानं मोठं असतं, नाक्यावरचे कारकून वजनाच्या हिशेबात जास्त असतात. छोटं शरीर म्हणजे प्रौढाची लहान आवृत्ती नव्हे, हे बालरोगतज्ज्ञ सांगतच असतात. मात्रेच्या तक्त्यात मात्र ते उशिरा उतरतं.

तिसरा टप्पा आयव्हरी कोस्ट आणि केनियात २०१९ ते २०२१ दरम्यान झाला, ३ महिने ते ६ वर्षांच्या २८८ मुलांवर. मॅन्सोनीची लागण झालेल्या ४ ते ६ वर्षांच्या मुलांत नव्या गोळीनं ८७.८ टक्के मुलं बरी झाली, जुन्या गोळीनं ८१.३ टक्के. इथे बरी होणं म्हणजे सुमारे तीन आठवड्यांनी विष्ठेत अंडी न सापडणं. नव्या गोळीचा विश्वासाचा पट्टा ७९.६ ते ९३.५ आणि जुनीचा ६७.४ ते ९१.१, म्हणजे दोन्ही एकमेकांवर चढलेले आहेत. नवी गोळी सरस ठरली असं यावरून म्हणता येत नाही. ती चांगलं काम करते एवढं नक्की म्हणता येतं, आणि हवं होतं तेही तेवढंच.

हिमॅटोबियमसाठी मात्र ५० वर भागलं नाही, मात्रा ६० पर्यंत न्यावी लागली. नाक्यापलीकडे राहणाऱ्या कृमीला जास्त मात्रा लागली, यात मला त्या शिरांच्या नकाशाची छाया दिसते. हा माझा तर्क आहे, त्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या समितीनं आर्प्राझिक्वांटेलबद्दल अनुकूल मत दिलं, २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रता यादीत, म्हणजे दर्जा तपासलेल्या औषधांच्या यादीत, ते आलं. दोन वर्षांपासूनच्या मुलांना सामूहिक उपचारात घ्यावं, अशी शिफारस संघटनेनं २०२२ मध्येच केली होती. ९४ सेंटिमीटरच्या खालच्या मुलांसाठी आता हातात द्यायला काहीतरी आहे.

एक काळजी मला राहते. एकाच आरोग्य केंद्राच्या फळीवर आता दोन डबे असतील. एकावर प्राझिक्वांटेल ६००, दुसऱ्यावर आर्प्राझिक्वांटेल १५०. साठा संपत आला की कुणीतरी कामाला वाहिलेली परिचारिका किंवा नुकताच पास झालेला फार्मासिस्ट, वर्गात शिकलेलं आठवून, मनात हिशेब करील: हे शुद्ध आहे, म्हणजे निम्मं पुरेल. त्या मुलाला लागणाऱ्या पन्नासाच्या जागी वीस मिळतील, आणि तीन आठवड्यांनी त्याची विष्ठा तपासायला तिथे कुणी असेलच असं नाही. म्हणून डब्यावर मिलिग्रॅमच्या आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, किलोमागची मात्रा छापलेली असावी. आणि माझ्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं ‘वीस’ हे उत्तर एकदा तरी मोठ्यानं देऊन चुकलेलं असावं, एवढं मी दरवर्षी बघतो.